'अरबीत भाषांतर करून वापरू' एवढ्या एका ओळीवर मंजुरी देऊ नका

आखाती देशांतल्या रुग्णालयांत काम करणाऱ्या मराठी आहारतज्ज्ञांना, आणि त्यांचे शोधप्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांच्या सदस्यांना,

स. न. वि. वि.

खाण्याच्या वर्तनावरच्या अभ्यासाचा प्रस्ताव आला की त्यात एक ओळ हमखास असते : 'प्रमाणित प्रश्नावलीचं अरबीत भाषांतर करून ती प्रौढ रुग्णांना दिली जाईल.' पुढे उलट भाषांतराचा (अरबीतून परत मूळ भाषेत) उल्लेख, अल्फा (एका गटातल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) 0.7 च्या वर येईल अशी ग्वाही, आणि विषय संपला. ही ओळ दिसली की प्रस्ताव परत पाठवा, एवढीच आमची विनंती आहे. अरबी चुकीचं असेल तर ते पकडता तरी येतं. बिनचूक अरबीतली प्रश्नावली भलतंच मोजायला लागली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

सुरुवात ताटापासूनच करू. टीएफईक्यू-आर18 ही खाण्याचं वर्तन मोजणारी प्रश्नावली तुम्ही सगळे जाणता. स्टंकार्ड आणि मेसिक यांच्या 1985 च्या 51 प्रश्नांतून ती 2000 साली स्वीडनमधल्या लठ्ठ व्यक्तींच्या मोठ्या अभ्यासात बेतली गेली. संयमाचे 6, ताबा सुटून खाण्याचे 9 आणि भावनेच्या भरात खाण्याचे 3, असे तिचे 18 प्रश्न. संयमाच्या गटातलं एक विधान असं : वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मी मुद्दाम थोडंच वाढून घेतो. अरबीत याचं भाषांतर सोपं आहे. 'हिस्सा' हा शब्द मराठीत अरबीतूनच आला. 'हिसस सगीरा' म्हणजे छोटे हिस्से. उलट भाषांतर करणारा ते जसंच्या तसं इंग्रजीत आणून ठेवतो, आणि समिती समाधानाने मान डोलावते.

आता हे विधान कब्साच्या (मांस घातलेल्या भाताच्या) परातीभोवती बसलेल्या माणसासमोर ठेवा. परात एक, भोवती पाच-सहा जण, प्रत्येक जण आपल्या पुढ्यातल्या बाजूने खातो. इथे वाढून घेणं नाही, त्यामुळे हिस्साही नाही. वर यजमान मांसाचा चांगला तुकडा उचलून पाहुण्याच्या पुढ्यात सरकवतो. त्या माणसाने 'कधीच नाही' वर खूण केली, तर ती संयमाच्या अभावाची की परातीची? आकडा दोन्हीकडे सारखाच येतो. बरं, विधान बदलून 'पोट भरण्याआधी मी हात थांबवतो' असं करावं, तर दुसरीच अडचण. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा ही हदीसमधली शिकवण बहुतेकांना लहानपणापासून पाठ असते. तिथे 'होय' म्हणणं हा सद्गुण. वजनाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. म्हणून अशा विधानात 'वजनासाठी' हा शब्द आधी यायला हवा, वाक्याच्या शेपटीला नको. परातीसाठी तोडगा म्हणून घासांची भाषा वापरून पाहता येते : 'वजन वाढू नये म्हणून मी सोबतच्या लोकांपेक्षा मुद्दाम कमी घास खातो.' मात्र मूळ विधानात असा बदल करायचा तर हक्कधारकांची लेखी परवानगी लागते आणि तो बदल अहवालात छापावा लागतो.

खाण्याच्या वर्तनावरच्याच डीईबीक्यू या डच प्रश्नावलीत, 1986 सालच्या, 33 प्रश्न आहेत. त्यातला एक विचारतो : वजनाच्या काळजीने तुम्ही देऊ केलेलं खाणं-पिणं किती वेळा नाकारता? ज्या घरात 'तफद्दल' ('घ्या ना') म्हणत कॉफी आणि खजूर पुढे येतात आणि नाकारणं म्हणजे यजमानाचा अवमान, तिथे या प्रश्नाचं उत्तर पाहुणचाराच्या रीतीवर ठरतं. आपल्याकडे 'अहो, घ्या हो, एकच घ्या' म्हणणाऱ्या आजीसमोर संयम मोजायला बसण्यासारखंच ते आहे.

आता भाषा. 'अरबी आवृत्ती' म्हणजे कुठल्या अरबीतली, हे प्रस्तावात लिहिलेलं नसेल तर पुढे वाचू नका. लिहायची ती फुस्हा, म्हणजे प्रमाण अरबी; ती कोणाचीच घरची बोली नाही. आणि खाणं हा तर घरचाच विषय. 'ऐश' म्हणजे कैरोत पोळी-पाव, कुवेत-बहरीनकडे भात. 'लबन' म्हणजे इजिप्तमध्ये दूध, लेबनॉनमध्ये दही, आखातात ताक. एका शब्दात आपला अख्खा गोठा आला! दुबईच्या एका ओपीडीत एकाच सकाळी इजिप्शियन, सीरियन, सुदानी आणि अमिराती रुग्ण बसलेले असतात. पदार्थाचं नाव घेऊन विचारलेला प्रश्न त्यांच्यात चार वेगळे प्रश्न होतो.

'एखादा पदार्थ खावासा वाटणं' घ्या. इजिप्तमध्ये 'नफ्सी फी', लेबनॉनकडे 'जाय अ-बाली', आखातात 'खात्री फी'. हा 'खातिर' म्हणजे मन. मराठीतली खातर आणि खातीरदारी त्याच घरची. प्रमाण अरबीतला 'इश्तिहा' सगळ्यांना कळतो, पण ऐकायला पुस्तकी वाटतो. मधल्या वेळचं खाणं म्हणजे 'वज्बा खफीफा' असं कोशात मिळतं. शब्दशः 'हलकं जेवण'. लोक मग रात्रीचं साधं जेवणही त्यात मोजतात, आणि उभ्या-उभ्या तोंडात टाकलेले बदाम मोजत नाहीत. इजिप्त-लेबनॉनकडे त्यासाठी 'तस्बीरा' आहे, 'सब्र' या धातूपासून : जेवणापर्यंत सबुरी राखायला टाकलेला घास. हा शब्द नेमका आहे, पण सगळीकडे चालेल असं गृहीत धरू नका.

आणि 'डाएट'. कोशातला शब्द 'हिम्या'. पण बऱ्याच रुग्णांना हिम्या म्हटलं की पथ्य आठवतं, डॉक्टरांनी मधुमेहासाठी सांगितलेलं. वजन उतरवण्यासाठी स्वतःहून केलं जातं ते 'रिजीम' किंवा सरळ 'दायत'. पथ्य आणि डाएट यांतला फरक मराठी आहारतज्ज्ञाला समजावून सांगायला नको. मधुमेही रुग्णांत 'हिम्या' वापरला, तर संयमाचा गुणांक औषधाच्या चिठ्ठीबरोबर चढतो.

भावनांच्या शब्दांवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण आर18 मध्ये त्या गटाला जेमतेम तीन विधानं आहेत. एक ढासळलं की गटच जातो. त्यातलं एक एकटेपणाचं. प्रमाण अरबीतला 'वहदा' एकाकीपणासाठीही चालतो आणि नुसत्या एकटं असण्यासाठीही. बोलीतला 'वहदी' म्हणजे तर बहुतेक वेळा फक्त 'मी एकटाच'. विधानाचा अर्थ मग 'घरी कोणी नसताना मी खातो' असा होतो. 'मी एकटा असतो' आणि 'मला एकटं वाटतं' हे मराठीतही वेगळं आहे. अरबी विधानात 'वाटतं' चं क्रियापद आलंच पाहिजे. डीईबीक्यूमध्ये भावनांचे 13 प्रश्न आहेत : चिडलेलं, निराश, रागावलेलं, कंटाळलेलं वगैरे. बोलीतला 'झअलान' रुसवा, दुःख आणि राग तिन्ही पोटात घेतो. 'मुतदायिक' म्हणजे कोंडल्यासारखा, घुसमटलेला. त्यात चीडही येते आणि उदासीही. हे दोन शब्द सढळ हाताने वापरले, तर सहा प्रश्नांना एकच उत्तर मिळतं. अल्फा मात्र छान वाढतो. हेच ते फसवं सुख.

ताबा सुटून खाण्यासाठी 'शराहा' वापरू नका. तो खादाडपणा, दोष म्हणून उच्चारला जाणारा. कोण स्वतःवर खूण करेल? 'नौबात' म्हणजे झटके, असं वर्णन करून 'खाणं थांबवता येत नाही असे झटके' लिहिलेलं बरं.

लिंगाचा प्रश्न मराठी माणसाला पटकन कळतो, इंग्रजीतून काम करणाऱ्याला कळत नाही. 'मी भुकेला असतो' म्हटलं की बाई बाहेर राहते. अरबीतही 'जाइअ' आणि 'जाइआ' वेगळे. पुरुषी रूप छापून स्त्रियांना देणं किंवा प्रत्येक विशेषणापुढे तिरकी रेघ मारून दोन रूपं देणं, दोन्ही वाईट. रेघांनी वाक्य वाचवत नाही. 'मला भूक लागते' ही आपली सोय अरबीतही आहे : 'अश्उरु बिल्-जूअ', भूक जाणवते. अरबीत वर्तमानकाळी प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं. विशेषण काढा, नाम आणि क्रियापद ठेवा, प्रश्न मिटतो.

स्वरचिन्हांबद्दल थोडक्यात. ती नसली तर 'अक्ल' (खाणं) आणि 'अकल' (त्याने खाल्लं) कागदावर सारखेच दिसतात. सगळीकडे चिन्हं दिली तर कागद शाळेच्या पुस्तकासारखा दिसतो. जिथे घोटाळा होऊ शकतो त्याच शब्दावर द्या.

उत्तरांच्या पट्टीकडे कोणी पाहतच नाही, आणि नुकसान तिथेच होतं. खाण्याच्या विकारांची शक्यता चाचपणाऱ्या ईएटी-26 या प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाला सहा उत्तरं आहेत. त्यांतल्या वरच्या तिघांना 3, 2, 1 गुण आणि खालच्या तिघांना शून्य. (26 वा प्रश्न उलटा मोजतात, हे विसरणारे दरवर्षी भेटतात.) एकूण 20 किंवा जास्त गुण झाले की पुढच्या तपासणीचा सल्ला. अरबीत 'दाइमन' सगळ्यात वर, यात वाद नाही. पण 'आदतन', 'गालिबन' आणि 'कसीरन' यांत वरचढ कोण? 'बहुधा', 'सहसा' आणि 'बऱ्याचदा' यांची उतरंड घरातल्या चौघांना लावायला सांगा, म्हणजे अडचण कळेल. वरच्या दोन शब्दांची अदलाबदल म्हणजे प्रत्येक प्रश्नामागे एक गुण, आणि 20 च्या उंबरठ्यावर एकेक गुण मोलाचा. उपाय स्वस्त आहे : सहा शब्द सहा चिठ्ठ्यांवर लिहा, वीस-तीस जणांना क्रम लावायला सांगा. ज्या दोन शब्दांचा क्रम वारंवार उलटतो, त्यांतला एक बदला.

आर18 चं शेवटचं विधान 1 ते 8 च्या पट्टीवर आहे. 1 म्हणजे अजिबात संयम नाही, 8 म्हणजे पूर्ण संयम. 1–2 ला एक गुण, 3–4 ला दोन, असं करत 7–8 ला चार. अरबी उजवीकडून वाचतात. फॉर्मच्या सॉफ्टवेअरने वाक्य उजवीकडून लावलं आणि पट्टी डावीकडूनच ठेवली, तर टोकांचे मथळे उलट आकड्यांवर बसतात. 1 ऐवजी 8 पडला तर कच्चे तीन गुण वाढतात. संयमाची कक्षा 6 ते 24, म्हणजे 18 ची. 0 ते 100 च्या मापावर हा फरक जवळजवळ 17 चा. एका खुणेत. आणि कागदी फॉर्म असेल तर आकडे ओळखा : इजिप्त आणि आखातात लिहिला जाणारा अरबी पाच म्हणजे छोटा गोल, थेट आपल्या शून्यासारखा; अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. भारतीय कर्मचारी नोंदी भरत असतील तर दोन जणांकडून स्वतंत्र भरून घ्या आणि ताडून पाहा.

आता उपवास. ईएटी-40 ची (त्याच ईएटीच्या 40 प्रश्नांच्या रूपाची) अरबी आवृत्ती मर्वत नासेर यांनी 1986 साली कैरो आणि लंडनमधल्या अरब विद्यार्थिनींवर वापरली. नुसत्या गुणांवर न थांबता प्रत्यक्ष मुलाखतीही घेतल्या. अल-सुबाई आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सौदीतल्या मुलींवर अरबी ईएटीची वैधता तपासली. आणि 1989 मध्ये किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींवर ईएटी-26 वापरली, तेव्हा काही विधानं मुलींनी वेगळ्याच अर्थाने घेतल्याचं दिसलं. ज्या घरात चतुर्थी, एकादशी आणि श्रावणी सोमवार पाळतात तिथे 'भूक लागली तरी खाणं टाळते' ला 'नेहमी' म्हणणारी मुलगी आजारी नसते, हे आपल्याला माहीत आहे. अरब घरांतल्या रोज्यांचंही तेच.

ईडीई-क्यू ही खाण्याच्या विकारांची प्रश्नावली गेल्या 28 दिवसांबद्दल विचारते. तिचा दुसरा प्रश्न : वजनावर किंवा बांध्यावर परिणाम व्हावा म्हणून, जागेपणीचे आठ किंवा अधिक तास काहीही न खाता किती दिवस काढले? गुण 0 ते 6. सहा ते बारा दिवस असतील तर 2, तेवीस ते सत्तावीसला 5, रोज असेल तर 6. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात सहा रोजे धरणाऱ्या बाईने 'वजनावर परिणाम व्हावा म्हणून' हा तुकडा ओझरता वाचला, की तिला 2 गुण मिळाले. रमजानच्या अखेरीस फॉर्म दिला तर 4 किंवा 5. पाच प्रश्नांच्या संयम-गटाची सरासरी या एका प्रश्नाने जवळपास 1 ने वर जाते. शिवाय सोमवार-गुरुवारचे रोजे, चांद्रमासाच्या 13-14-15 तारखांचे रोजे, आणि पाळीमुळे सुटलेल्या रोजांची नंतरची भरपाई. ही तर फक्त बायकांच्या वाट्याला, म्हणजे स्त्री-पुरुष तुलनाही कलते. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिश्चनांचे उपास वर्षातले दोनशेहून अधिक दिवस असतात. त्यांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. 'काही पदार्थ पूर्ण टाळले का' याला ते 'हो' म्हणणारच. याच प्रश्नावलीत इतरांनी आपलं शरीर पाहिल्यावर वाटणाऱ्या अवघडलेपणाचा प्रश्न आहे, उदाहरणं सामाईक कपडे बदलण्याच्या खोलीची, पोहण्याची, घट्ट कपड्यांची. तिथे मोजलं जातं ते शालीनतेचं वळण. बांध्याबद्दलचा असंतोष असेलच असं नाही.

मग करायचं काय? कामाचा क्रम 2000 सालच्या बीटन आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे. अरबी मातृभाषेचे दोन भाषांतरकार, एक विषय जाणणारा आणि एक अजिबात न जाणणारा. दोघांच्या मसुद्यांतून एक. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर. मग तज्ज्ञ समिती. मग 30 ते 40 जणांवर पूर्वचाचणी. तुमच्यापैकी अनेकांचं अरबी ओपीडीपुरतं उत्तम चालतं. त्या बळावर भाषांतरकार होऊ नका. समितीत बसून 'या प्रश्नाचा हेतू काय' ते सांगा, ते काम तुमच्याशिवाय होणार नाही.

खरं पीक निघतं ते कॉग्निटिव्ह मुलाखतींत (उत्तर देणाऱ्याने प्रश्नाचा काय अर्थ घेतला ते शोधणाऱ्या), आणि वेळ नाही म्हणून नेमक्या त्याच गाळल्या जातात. प्रत्येक बोलीगटातले पाच ते आठ जण, कमी शिकलेले त्यात असलेच पाहिजेत. विधान वाचल्यावर 'कळलं का' असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात. 'शेवटचं असं कधी झालं? कोण कोण बसलं होतं? कशातून खाल्लंत?' असं विचारा. परात तिथेच बाहेर येते. बायकांची मुलाखत बाईने घ्यावी, आणि दुभाषा म्हणून नवरा किंवा मुलगी नको. ज्यांना वाचता येत नाही त्यांना विधानं वाचून दाखवताना प्रत्येक मुलाखतकार आपापल्या बोलीत सांगू लागतो, आणि दहा मुलाखतकारांच्या दहा प्रश्नावल्या होतात. म्हणून प्रमाण अरबी विधानाखाली ठरलेलं बोलीरूप लहान अक्षरांत छापा, आणि तेवढंच वाचायचं हे बजावा.

आकडेशास्त्रावर समित्यांनी इतकंच पाहावं. चार-पाच पर्यायांची उत्तरं क्रमवाचक आहेत, तेव्हा घटकविश्लेषणही (कोणते प्रश्न एका गटात बसतात ते शोधणारी पद्धत) त्याला साजेशा पद्धतीने हवं. घटक शोधायचे एका नमुन्यावर आणि पडताळायचे दुसऱ्यावर. 'दर प्रश्नामागे दहा माणसं' हा जुना हिशेब 18 प्रश्नांना 180 देतो. स्त्री-पुरुष किंवा इजिप्शियन-आखाती तुलना करायची असेल तर प्रत्येक गटात निदान दोनशे धरा. रचना (प्रश्नांचे गट), भार (प्रश्नाचं गटाशी नातं) आणि पातळी (उत्तरांचा आरंभबिंदू) या तिन्ही पायऱ्यांवर प्रश्नावली दोन्ही गटांत सारखी वागते का ते तपासा. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना सीएफआय (मांडलेली रचना आकड्यांशी किती जुळते त्याचा निर्देशांक) 0.010 पेक्षा जास्त घसरला तर तिथेच थांबा. पातळीची पायरी न ओलांडता दोन देशांच्या सरासऱ्यांची तुलना छापणं म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरची वजनं शेजारी लिहिणं.

राहिली तारीख. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात संपणं अपेक्षित आहे. त्यानंतरचा शव्वाल एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. 28 दिवसांची खिडकी कोरी हवी तर मेचा पहिला आठवडा उजाडतो, आणि लगेच जिल्हेजचे पहिले दिवस, अरफातचा रोजा आणि ईद-उल-अजहा. जूनच्या मध्यावर आशुरा. मग उन्हाळ्याची सुट्टी, अर्धी ओपीडी गावाला. पूर्णपणे उपासमुक्त महिना शोधत बसलात तर वर्ष जाईल. म्हणून प्रश्नावलीच्या आधी एक साधा प्रश्न घाला : 'गेल्या 28 दिवसांत धर्मासाठी किती दिवस उपास केला?' आणि नोंदींच्या फाइलमध्ये इंग्रजी तारखेशेजारी हिजरी तारखेचा एक रकाना वाढवा. जुन्या अभ्यासांच्या फाइली तुमच्याकडे असतील तर त्यांतही तो रकाना आजच भरता येईल. फॉर्म भरल्याची तारीख तर तुमच्याकडे आहेच.

आपले,
प्रश्नावल्यांच्या भाषांतराचं आणि मापनाचं काम करणारे काही जण